ज्वारीचं पान कागदावर चपटं का पडतं?

पत्र:

बाई, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय अडतीस. बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलं होतं, लग्नानंतर ते तिथंच राहिलं. कॉलेजात माझ्या जर्नलमधल्या आकृत्या सगळ्या वर्गात फिरायच्या. दोन वर्षांपासून पुन्हा झाडंपानं काढायला लागलेय. रात्री जेवणं उरकली की अर्धा तास मिळतो, मोबाइलमधला फोटो समोर ठेवते आणि काढते. तीन चित्रांचे फोटो पाठवतेय: ज्वारीचं ताट (म्हणजे उभा धांडा), कुंडीतली कोरफड आणि जास्वंद. अडचण अशी की सगळी पानं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. टेक्श्चर करायला गेले की चित्र काळंमिट्ट होतं. कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक हेही कळत नाही, म्हणून सगळीकडं सारखीच मारते. सहा पेनांचा सेट मागवला, त्यानं काही फरक पडला नाही. चुलत सासूबाई म्हणतात, "काय गं, दिसभर शेतात पाला बघायलीस अन् रातच्याला पुन्हा पालाच काढायलीस?" या वयात हे जमेल का, की हात गेला तो गेला?

एक वाचक, ता. औसा

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

हात गेलेला नाही. उलट तो इतका तयार आहे की तोच आडवा येतोय. फोटो मोठे करून पाहिले. रेघ कुठंही थरथरत नाही, पानाच्या दोन्ही बाजू मोजून घेतल्यासारख्या सारख्या, शिरा एका अंतरावर. हे सगळं जर्नलनं लावलेलं वळण आहे. जर्नलमधल्या आकृतीचं कामच असं की तपासणाऱ्याला एका नजरेत सगळं मोजता यावं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा दातेरी आहे की सरळ, शिरा जाळीदार की समांतर. तिथं एक पान दुसऱ्या पानाला झाकत नाही, कुठलं पान तुमच्याकडं टोक करून येत नाही, कुठलं पाठ फिरवत नाही. हर्बेरियमची शीट आठवा. रद्दी पेपरात दाबून, वाळवून, टाचून ठेवलेलं झाड. तुम्ही कागदाला पेन लावण्याआधीच मनातल्या मनात झाडाला तसं रद्दीत दाबून घेता. बाकी सगळ्या तक्रारी तिथूनच निघाल्यात, टेक्श्चर काळं होण्याचीसुद्धा.

चपटं काढणं हा काही गुन्हा नाही, हेही सांगून ठेवते. पैठणीच्या पदरावरची आसावली वेल चपटीच असते आणि तिच्यात कुणी खोट काढत नाही. पण तुम्हाला बांधावर उभं असलेलं झाड हवंय. मग पद्धत बदलावी लागेल.

तुमची ज्वारी घेऊ. नऊ पानं आहेत. चार डावीकडं, पाच उजवीकडं, कंगव्याच्या दातांसारखी. वनस्पतिशास्त्र चुकलेलं नाही. ज्वारीची पानं खरोखरच दोन ओळींत येतात, एक या अंगाला तर पुढचं त्या अंगाला. पण ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं, आणि तुम्ही ठाऊक असलेलंच काढलंत. ताट जरा फिरवून बघितलं असतं तर निम्मी पानं तुमच्या नाकाशी आली असती आणि निम्मी मागं गेली असती. शिवाय ज्वारीचं पान काही पट्टीसारखं सरळ निघत नाही. ते आधी ताटाला गुंडाळून वर चढतं, मग ताटापासून सुटतं, वर जातं, कमानीसारखं वाकतं, टोकाशी खाली लोंबतं, आणि वाकता वाकता एखादा पीळ खातं, म्हणजे पानाची मागची बाजू आपल्याला दिसते. तुमच्या नऊ पानांपैकी एकाचीही मागची बाजू दिसत नाही.

आता पान कसं बांधायचं ते सांगते. तुम्ही बाहेरच्या कडेपासून सुरुवात करता, ती सवय मोडा. पहिली रेघ मधल्या शिरेची. ज्वारीच्या पानात ती पांढुरकी, चांगली ठसठशीत असते, शोधायला नको. झाडासमोर बसा, एक डोळा मिटा आणि पेराजवळून टोकापर्यंत ती शीर हवेत बोटानं गिरवा. दोन-तीनदा. कुठं ती वर जाते, कुठं तुमच्याकडं येते, कुठं पलीकडं उतरते, हे बोटाला कळलं की मग कागदावर एका दमात ओढा. मनगटातून ओढलेली रेघ आखूड आणि गोल होते. हात खांद्यातून हलवा. दारात मोठी रांगोळी काढताना आपण कोपर टेकवतो का? नाही ना? तसंच. त्या रेघेला मी मुलांना ओघ म्हणायला शिकवायची. ओघ काढला की पान निम्मं झालं, बाकी नंतर भरायचं असतं.

दुसरी पायरी रुंदीची. ओघावर मधूनमधून आडव्या छोट्या रेघा घ्या, मासोळीच्या काट्यांसारख्या, अगदी फिकट. पान तुमच्याकडं तोंड करून आहे तिथं काटा लांब, पान कलतंय तिथं आखूड, आणि जिथं पान अगदी धारेवर येतं तिथं काटा संपतोच, नुसती रेघ उरते. त्यानंतर पुन्हा काटे लांबायला लागले की समजायचं, आता दिसतेय ती दुसरी बाजू. कड काढायची ती या काट्यांची टोकं जोडत. पीळ पडलाय तिथं दोन्ही कडा एकमेकींना ओलांडतात. कागदावर हे ओलांडणं एकदा जमलं की पान जागेवर वळतं. मला आजही दर वेळी त्याची गंमत वाटते.

हे झाडावर लगेच करू नका. आधी घरात करा. वर्तमानपत्राची तीन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. मधोमध स्केचपेननं एक उभी रेघ, आणि बोटाबोटाच्या अंतरावर आडव्या रेघा. पट्टीचं एक टोक पुस्तकाखाली दाबा आणि दुसरं टोक वाकवून, पिळून कपाला टेकवा. हे तुमचं ज्वारीचं पान. ते वाऱ्यानं हलत नाही, कोमेजत नाही, आणि त्याच्यावर काटे आधीच छापलेले आहेत. रोज दोन-तीन वेगवेगळे पीळ काढा. पहिले चार दिवस ती पट्टी गुलाबजामच्या पाकात बुडवल्यासारखी दिसेल. दिसू द्या.

कडेवरच्या लाटा आणि दाते तिसऱ्या पायरीला, आणि इथं जर्नलवाले हमखास घसरतात. ज्वारीच्या पानाची कड मधल्या शिरेपेक्षा जास्त लांब भरते, म्हणून तिला सामावायला जागा पुरत नाही आणि ती लाटा घेते. लाट म्हणजे कड वर-खाली होणं. तुम्ही लाटा काढल्यात, पण कागदावर डाव्या-उजव्या नागमोडी काढल्यात, म्हणून पान करवतीसारखं झालं. आधी साधी, गुळगुळीत कड फिकट काढून घ्या आणि प्रत्येक लाट तिच्यावरून उठून तिच्यावरच परत येऊ द्या. जास्वंदीच्या, कडुनिंबाच्या दात्यांनाही हाच नियम. दाता संपला की मूळ कडेवर टेकायचं, मग पुढचा. सगळे दाते एका नागमोडी रेघेत भराभर मारले तर पानाचा आकार बघता बघता हरवतो.

ताटाचं म्हणाल तर ते नळकांडं आहे, आणि तुम्ही दोन समांतर रेघा मारून त्याची पट्टी केलीत. यावर उपाय तुमच्या हातातच आहे, शब्दशः. बांगड्या घातलेला हात डोळ्यांसमोर आडवा धरा. बांगडी जवळजवळ सरळ रेघ दिसते. आता मनगट हळूहळू डोळ्यांकडं वळवा. बांगडी उघडत जाते, आधी चपटं लंबवर्तुळ, मग फुगीर, शेवटी गोल. नळकांडं जितकं तुमच्याकडं रोखलेलं, तितकं त्याच्या कापाचं लंबवर्तुळ उघडं. आणि बांगडीचा लांबट पसारा नेहमी हाताला काटकोनात आडवा बसतो, कधी तिरका नाही. तुमच्या कोरफडीच्या कुंडीचं तोंड नेमकं तिरकं बसलंय, म्हणून कुंडी घरंगळायच्या बेतात आहे. ताट, फांदी, देठ, काहीही काढताना आधी मधला अक्ष, मग त्याच्यावर अशा चार-पाच बांगड्या, आणि मग त्यांना टेकत दोन्ही कडा. पेरावर बांगडी जरा मोठी. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात जाल तेव्हा ज्वारी पोटरीत आलेली असेल, त्यावेळी मुद्दाम बघा. कणीस अजून आतच असतं आणि पानाचं वेष्टण फुगलेलं असतं. बांगड्या हळूहळू मोठ्या, मग पुन्हा लहान केल्या की पोटरी आपोआप भरते, एकही शेडिंग न करता. माझ्या मते ज्वारीच्या सगळ्या आयुष्यात काढायला सर्वांत देखणी अवस्था तीच. लोक कणसाच्या मागं लागतात.

फांद्यांबद्दल एकच गोष्ट, कारण तुमच्या बांधावर बाभूळ असणारच. फांदी फुटली की जाडी किती कमी करायची, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वह्यांत नोंद करून ठेवली होती की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर खोडाइतक्या जाड होतात. यातली जाडी म्हणजे कापाचं क्षेत्रफळ. त्यामुळं 10 सेंटिमीटर खोडाला दोन सारख्या फांद्या फुटल्या तर त्या 5-5 सेंटिमीटरच्या नाही, साधारण 7-7 सेंटिमीटरच्या होतात. नियम ढोबळ आहे, झाड काही फूटपट्टी घेऊन वाढत नाही. पण आपण सगळेच फांद्या फार लवकर बारीक करतो आणि मग झाड खराट्यासारखं दिसतं, तेवढं यानं टळतं.

आता रेघेची जाडी. "सगळीकडं सारखीच मारते" हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. बहुतेक जण दुसरं टोक गाठतात, चित्र झालं की बाहेरून सगळीकडं जाड रेघ फिरवतात. त्यानं काय होतं? पुन्हा कात्रीनं कापल्यासारखं.

आमच्या लहानपणी शाळेत बोरू होता. तिरका कापलेला बोरू उभा ओढला की एक जाडी, आडवा ओढला की दुसरी. तिथं जाडी हत्यार ठरवतं, आपण फक्त हात फिरवायचा. रांगोळीत उलटं आहे. चिमूट कुठं ढिली सोडायची आणि कुठं आवळायची हे तुम्ही ठरवता. मला हवीय ती रांगोळीची जाडी. ती कुठं वापरायची? जिथं एक वस्तू दुसरीच्या पुढून जाते तिथं. ज्वारीचं एक पान ताटाच्या पुढून वाकलंय समजा. दोघांच्या रेघा जिथं भेटतात, त्या ठिकाणी पुढच्या पानाची कड बोटाच्या पेराएवढ्या लांबीत जाड करा. सुरुवात बारीक, मध्ये भरीव, शेवट पुन्हा बारीक. मागच्या ताटाची रेघ पानाजवळ येता येता थोडी आधीच सोडून द्या, चिकटवू नका. एवढंच. डोळा बरोबर ओळखतो की पान अलीकडं आहे.

एकच रेघ जाड करायला तिच्यावरून दुसऱ्यांदा पेन फिरवावं लागतं, तेव्हा लक्षात ठेवा, दुसरी रेघ पहिलीइतक्याच झपाट्यानं जायला हवी. भीत भीत, तुकड्या-तुकड्यानं गिरवलं की रेघ केसाळ होते. दोनदापेक्षा जास्त नको. तुमच्या सेटमधल्या फाइनलायनरना दाबू नका, त्यांची टोकं बसतात आणि जाडी वाढत नाही ती नाहीच. बारीक टोकाचं एक पेन सगळ्यासाठी आणि एक नंबर जाड फक्त या ओलांडण्यांसाठी, बाकी चार कपाटात ठेवा. साधं बॉलपेनही मला चालतं. फिकट ओघ आणि काटे त्याच्यानं फार छान निघतात, कारण ते हलक्या हाताला फिकट उमटतं.

या फिकट रेघा नंतर पुसायच्या का? नका पुसू. शिकताना त्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे पान कुठं चुकलं ते परत बघता येतं.

संभाजीनगरकडं जाणं झालं तर एक दिवस काढून अजिंठ्याला जाऊन या. 1 नंबरच्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा बघतात, तुम्ही त्याच्या हातातलं कमळ आणि ती बोटं बघा. तिथं सावलीचं कामही आहे, पण रेघ किती गोलाई आणते ते बघा. मग मान वर करून छत बघा, चौकोनाचौकोनांत फुलं, फळं, वेली भरलेल्या आहेत. काही जागी रंगाचा थर उडालाय आणि खालची गेरूची रेघ डोकावते, म्हणजे त्यांनीही आधी बांधून घेतलं आणि शेवटी गडद रेघेनं पक्कं केलं. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर इथं वर्षानुवर्षं नकला करत बसले होते. तुम्ही दहा मिनिटं एका वेलीची नक्कल केलीत तरी पुरे. उभ्यानं करावी लागेल, आणि मागचे लोक पुढं चला म्हणतील, ते वेगळं.

टेक्श्चरकडं मी मुद्दाम उशिरा आले. पान वळलेलं नसताना त्याच्यावर शिरा भरणं म्हणजे भाकरी थापायच्या आधीच तिला पाणी लावणं.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. मला एकदा कडुनिंबाचं झाड काढायला दिलं. मी चार रात्री जागून एकेक पानोळा काढला, प्रत्येकाला दाते, प्रत्येकाला मधली शीर. आमच्या सरांनी कागद घेतला, वर्गाच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि लांबून माझ्याकडं धरला. झाड दिसेना. काळ्या केसांची जटा दिसली. ते काही बोलले नाहीत, कागद परत दिला. मला फार राग आला होता. दोन वर्षांनी तोच कागद ट्रंकेत सापडला तेव्हा मलाही जटाच दिसली.

माझं तिथं चुकलं ते असं की मी प्रत्येक वस्तूची कड काढत होते. तुम्हीही तेच करता. कोरफडीच्या पानावर तुम्ही प्रत्येक ठिपक्याभोवती गोल केलाय. ठिपक्याला कड नसते. खरबरीत पृष्ठभागावर दिसतात त्या उंचवट्यांच्या इवल्याशा सावल्या. तेवढ्याच काढायच्या. उंचवटा स्वतः कोरा ठेवायचा.

सीताफळावर हे सगळ्यात चांगलं शिकता येतं. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं तुमच्याकडं दिवाळीच्या आसपास येत असतील, आता मोसम संपला, पण पुढच्या वर्षीसाठी डोक्यात ठेवा. फळावर डोळे असतात, आणि दोन डोळ्यांमध्ये खाच. फळ खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. डोळ्याभोवती पेन फिरवायचा मोह होईल, आवरा. फक्त खाचेतला काळोख भरा, तोही डोळ्याच्या उजेडापलीकडच्या बाजूचा. काळोखाचा आकार चंद्रकोरीसारखा होईल. उजेडाच्या बाजूला खाच इतकी उथळ दिसते की एखादा ठिपका ठेवला तरी पुरतो, कित्येक डोळे तर काढायचेच नाहीत. सावलीच्या बाजूला खाचा एकमेकींत मिसळून जातात, तिथं सरळ काळं भरा. मधल्या पट्ट्यात मात्र खाच खाच नीट वेगळी दिसते, तिथं सगळी मेहनत खर्च करा. वेड्यासारखं सगळ्या फळावर एकसारखं काम केलं की फळाची गोलाई मरते. टेक्श्चर फळावरच्या उजेडाच्या मागं मागं चालतं.

बाभळीच्या खोडालाही हाच न्याय. उभ्या चिरांच्या आतला काळोख काढा, सालीचे ढलपे कोरे सोडा. रुईच्या पानाला तर मी काहीच करणार नाही. त्याच्यावर पांढुरका थर असतो, कोवळ्या पानावर लव. कोरा कागद हेच त्याचं टेक्श्चर. चार ठळक शिरा आणि पानाखाली फांदीवर पडलेली सावली एवढं बस. रुई तुम्हाला आणखी एका कारणासाठी सुचवते. तिची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात फिरलेली असते. त्यामुळं तिला कुठूनही बघा, एक तरी पान तुमच्याकडं टोक करून येतंच. ज्वारीसारखी पळवाट नाही. शनिवारी मारुतीला माळ करायला पानं आणाल त्यातली एक फांदी बाजूला ठेवा. चीक मात्र डोळ्याला लागू देऊ नका, डोळ्याला वाईट असतो. फांदी हाताळल्यावर हात धुऊन मगच पेन.

कोरफडीच्या काट्यांचं थोडक्यात. पान जाड आहे, वरून जरा खोलगट आणि खालून फुगीर, म्हणजे कापाला चंद्रकोरीचा आकार. तेव्हा एका बांगडीऐवजी चार-पाच चंद्रकोरी काढून पान बांधा. काटे कडेवर असतात. जी कड बाजूनं दिसते तिथं काटा पूर्ण त्रिकोण दिसतो, जी तुमच्याकडं वळलीय तिथं त्याचा नुसता ठिपका होतो. तुम्ही सगळे सारखे त्रिकोण काढलेत. जास्वंदीबद्दल आज बोलत नाही. तिच्या पाकळ्या म्हणजे वर सांगितलेलंच सगळं एकदम पाच वेळा, आणि मध्ये एक लांब दांडा. ती तीन महिन्यांनी.

फोटोवरून काढणं सध्या बंद करा. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यात मोबाइलच्या पडद्यावर पान बोटाएवढं. दाबून ठेवायचं काम तो आधीच अर्धं करून देतो. रात्रीचा अर्धा तास असेल तर घरात झाड आणा. ज्वारीचं ताट आणलंत तर बादलीत पाण्यात ठेवा आणि त्याच रात्री काढा, सकाळपर्यंत पानं सुरळी करून बसतात. तुळस, कोरफड, सदाफुली कुंडीसकट आत आणता येते. दिवा एका बाजूला ठेवा, ट्यूबलाइट बंद. लोड शेडिंग असेल तर मेणबत्ती, तिच्या उजेडात सावल्या फार स्पष्ट पडतात. शेतातच बसायचं तर सकाळी, वारा सुटायच्या आत.

आणि एका कागदावर एकच चित्र काढून ते सुंदर करायच्या मागं लागू नका. पहिला आठवडा ओघ आणि कागदाची पट्टी, पानभर वीस-पंचवीस. दुसऱ्यात काटे आणि पीळ. बांगड्या तिसऱ्यात घ्या, तेव्हा लाटण्यावर खऱ्या बांगड्या अडकवून बसलात तर फारच उत्तम, सासूबाईंना काय वाटेल ते वाटो. त्यांना एक काम द्या. ज्वारीचं पान त्यांच्या हातात देऊन पिळून धरायला सांगा, दहा मिनिटं. आयुष्यभर ज्वारीची काढणी केलेल्या बाईला पान कुठं वळतं ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि एकदा त्या मॉडेल म्हणून बसल्या की पाल्याबद्दल काही बोलणार नाहीत. टेक्श्चरला महिनाभर हात लावायचा नाही. अडतीस वय म्हणता, माझ्या वर्गात रिटायर झाल्यावर पहिल्यांदा पेन्सिल धरलेले दोन तलाठी होते. त्यांना एकच अडचण यायची, रेघ मारायच्या आधी ते पट्टी मागायचे.

येळवशीनंतरची पानं पाठवा, बिघडलेली सुद्धा, मागं तारीख घालून. फोटो काढताना कागद जमिनीवर सपाट ठेवा आणि तुमची सावली पडू देऊ नका. यावेळी ज्वारीच्या फोटोत तुमच्या हाताची सावली ताटावर आडवी पडली होती. खरं सांगू, त्या ताटाची गोलाई मला फक्त तिथंच दिसली.